धाकट्या भावाची पालखी

ज्येष्ठ सरत आला की नीरेच्या दोन्ही काठांना पाय फुटतात. पैलतीरानं, लोणंद आणि तरडगाव मागे टाकत, ज्ञानोबा माउलींचा सोहळा फलटणच्या दिशेनं निघालेला असतो. ऐलतीरानं, सासवडच्या कऱ्हाकाठाहून निघालेले सोपानकाका निंबूत, सोमेश्वरनगर करत आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकला मुक्कामाला येतात. थोरला भाऊ त्या काठानं, धाकटा या काठानं, आणि मधून गढूळ, नव्या पाण्याची वाट पाहणारी नदी. पुढे पंढरपूरच्या अलीकडे दोघांची बंधुभेट व्हायची असते, पण ते पुढचं. आमच्या वाट्याला येते ती धाकट्याची एक रात्र. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या दूरवरून मृदंग कानी यायचा. तो कुठल्या काठावर वाजतोय हे मला कधी उमगलं नाही, आणि उमगून घ्यावं असंही वाटलं नाही.

मुक्कामाच्या संध्याकाळी गावाला एक वेगळाच वास सुटतो. बुक्क्याचा, तुळशीच्या माळांचा, भिजल्या ताडपत्रीचा, आमटीवर पडलेल्या लसणाच्या फोडणीचा, आणि दिवसभर डांबरावर चाललेल्या तळव्यांचा. ओसरी, शाळेचे वर्ग, देवळाचा सभामंडप, जिथे पाठ टेकेल तिथे माणूस टेकलेला असतो. कुणी धोतर वाळत घालतंय, कुणी पायाच्या फोडाला खोबरेल लावतंय, कुणी अनोळखी म्हातारी आमच्याच चुलीपाशी बसून आमच्याच आईला भाकरी कशी थापावी ते शिकवतेय. आणि या सगळ्या गलबल्याच्या मध्यभागी, तंबूत, समईच्या उजेडात, पालखी. रांग मागून रेटत असते. ‘चला माउली, चला’ असा पुकारा चालू असतो. फुलं बाजूला सारून बोटं आत जातात आणि पादुका लागतात: गार, किंचित चिकट, कडांना बुक्क्यानं काळवंडलेल्या, असंख्य बोटांच्या घामानं गुळगुळीत झालेल्या. बोटं कपाळाला लागेपर्यंत मागचा माणूस पुढे सरकलेला असतो.

एवढंच.

पण त्या एवढ्याशा स्पर्शातून मी वर्षानुवर्षं एक प्रश्न घेऊन घरी येते. कुणाच्या या पादुका? संन्यास घेतलेला बाप गुरूच्या आज्ञेनं पुन्हा संसारात आला, आणि त्याला झालेल्या चार लेकरांतलं हे तिसरं लेकरू. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आळंदीनं या घराला वाळीत टाकलं. आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. पोरकी लेकरं शुद्धिपत्र मागायला पायी पैठणला गेली, असं परंपरा सांगते. ती वाट मला फार छळते. सोपान तेव्हा केवढा असेल? त्याला चालवत नसेल तेव्हा थोरल्यानं त्याला खांद्यावर घेतलं असेल का? पैठणच्या वेशीत शिरताना त्याच्या मुठीत कुणाचं बोट असेल?

आणि मग ती धर्मसभा. आजच्या भाषेत बोलायचं तर तो एक सांस्कृतिक वादच होता. शास्त्र काय म्हणतं, रूढी काय म्हणते, संन्याशाच्या पोरांना मुंजीचा अधिकार पोचतो का. सभेत बसलेली माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. ती व्यासंगी असतील, व्रतस्थ असतील, आपल्या घरी अतिशय प्रेमळ असतील. आपण काहीतरी मोलाचं राखतो आहोत अशी त्यांची मनोमन खात्री असेल. ग्रंथ त्यांच्या बाजूला होते, वाडवडील त्यांच्या बाजूला होते, गावाची भीती आणि देवाची भीती दोन्ही त्यांच्या बाजूला होत्या. आणि दाराबाहेर, उन्हात, धुळीनं माखलेल्या पायांची चार लेकरं निकालाची वाट पाहत उभी होती.

त्या सभेतलं एकही नाव आज आमच्या गावाला ठाऊक नाही.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, आणि थोड्याच दिवसांत सोपानदेवांनी सासवडला. सातशेहून अधिक वर्षं लोटली. ज्याला आत घेतलं गेलं नाही त्याच्या पादुकांना हात लागावा म्हणून आता गावच्या गावं रांगेत उभी राहतात.

हे मी पुन्हा पुन्हा मनाशी म्हणते, कारण सध्याचे दिवस वादांचे आहेत. पारावर, चहाच्या टपरीवर, दूध घालायला आलेल्यांच्या घोळक्यात, रात्री अंथरुणात मोबाईलच्या निळ्या उजेडात वाद चालू असतात. वारी कुणाची आणि वारीत कुणी चालावं. कुठल्या गावाचं नाव काय असावं. कुठला राजा कुणाचा. मिरवणुकीत हलगी हवी की डीजे. वस्तीच्या पाटीवर काय लिहावं. माणसं पोटतिडकीनं बोलतात आणि मला त्यांच्या पोटतिडकीबद्दल आस्था आहे. आपलं काहीतरी हातातून निसटतंय ही धास्ती खोटी नाही. पण प्रत्येक वाद शेवटी एकाच दाव्यापाशी येऊन थांबतो: हे पूर्वापार असंच चालत आलंय. तिथं आवाज चढतात, तिथं शेजारी शेजाऱ्याकडे पाठ फिरवतो. आणि तिथंच मला नदी आठवते, कारण इतिहास मी नदीकाठी शिकले.

ही वारीच घ्या. पंढरीची वाट फार जुनी, ज्ञानदेवांच्याही आधीची. पण आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पालखीचा सोहळा एका माणसाच्या मनात उमटलेली कल्पना होती. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवल्या आणि ज्ञानोबा-तुकोबांचा एकत्र गजर करत ते निघाले. पुढे एकोणिसाव्या शतकात आरफळचे हैबतबाबा आले. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस माउलींच्या पायाशी येऊन राहिला, त्यानं माउलींचा सोहळा वेगळा सुरू केला आणि दिंड्यांना लष्करी शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे त्या सोहळ्यात आले ते आजतागायत येतात. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथं अभंग होतो, आरती होते, आणि मग ती आकुर्डीची वाट धरते. दरवर्षी. ज्या वेळी पहिल्यांदा पालखी उचलली गेली त्या वेळीही कुणीतरी म्हणालं असेल की आजवर असं कधी झालं नव्हतं, पायी जाणाऱ्या भक्तीला हा थाट कशाला. त्या कुणाचा तरी आवाज आज ऐकू येत नाही. टाळ ऐकू येतात. ज्याला आपण अनादि म्हणतो त्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे असतात. हा विचार काहींना भिववतो. मला तो धीर देतो.

पालखी आमच्याकडे येते ती दोन्ही बाजूंच्या उसातून. वाऱ्यावर पाती सळसळत असतात, वारकऱ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच झालेला ऊस वाटेवर झुकलेला असतो, आणि दूरच्या गावचा एखादा वारकरी थांबून म्हणतो, ‘लई सुखी मुलूख तुमचा.’ आम्हालाही ती हिरवाई जन्मापासूनची वाटते. आमची ओळख सांगायची तर आम्ही ऊसच सांगतो. पण पालख्या या मुलखातून चालू लागल्या तेव्हा इथं बाजरी होती, जोंधळा होता, उन्हानं भेगाळलेली रानं होती आणि भीमथडीची काटक तट्टं होती. १८७६-७७ च्या दुष्काळानं दख्खन होरपळली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांच्या आठवणी ताज्या असताना भाटघरला धरण उभं राहिलं, वीरच्या बंधाऱ्यापासून नीरेचा डावा कालवा निघाला आणि १८८० च्या दशकात पाणी या रानांत आलं. मग सासवडचे माळी आले. त्यांनी खंडानं जमिनी घेतल्या, ऊस लावला, आणि त्यांचं पाहून आमच्या पणज्यांनी भीत भीत पहिली सरी सोडली. गुऱ्हाळं आली, काहिली चढल्या, पुढे माळेगावचा, सोमेश्वरचा साखर कारखाना उभा राहिला. माळरानाचं बागायत झालं आणि दोन पिढ्यांत बागायतीच आमचा स्वभाव बनली.

रात्रीची पाण्याची पाळी असली की मी आजोबांबरोबर दारं धरायला जायची. आजोबा खोऱ्यानं माती ओढून एक दारं मोडायचे, दुसरं धरायचे, आणि अंधारात पाणी सरीतून पुढे सरकायचं. दिसायचं नाही, ऐकू यायचं. कोरडी ढेकळं विरघळताना एक बारीक फसफस होते, तिच्यावरून पाणी कुठवर पोचलं ते त्यांना कळायचं. मग ते बांधावर टेकायचे आणि तंबाखू मळता मळता सांगायचे, ‘माझा आजा म्हणायचा, पाट आला तेव्हा म्हातारी माणसं त्याचं पाणी प्यायला धजत नव्हती. सायबानं काय कालवलंय कुणास ठाऊक, म्हणायची.’ ज्या पाण्यावर आमचं सगळं उभं आहे ते पाणी एके काळी आमच्या गावाला परकं होतं, संशयास्पद होतं. बांधावर बसून, पाय गार चिखलात घालून, मी ते ऐकलं आणि माझ्या मनातल्या ‘पूर्वापार’ला पहिली भेग पडली. त्या भेगेतून पुढे किती पाणी गेलं.

आमच्याच तालुक्यात, नीरेच्या कालव्याचं पाणी जिथं पोचलं नाही त्या जिरायत अंगाला सुपे आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या खेड्यांतले कुणबी तिथं गोळा झाले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांतून कर्जरोखे, खतं आणि वह्या बाहेर ओढून पेटवून दिल्या. सावकार बहुतेक गुजर, मारवाडी, बाहेरून आलेले. त्या दिवशी कुणालाही विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: हे बाहेरचे आहेत, यांनी आम्हाला लुटलं. लूट खरी होती, अंगठ्याचे ठसे खरे होते, जप्त झालेली बैलजोडी खरी होती. पण त्या आगीची काडी फार लांबून आली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले, शेतकऱ्यांनी कर्जं काढली. युद्ध संपलं, भाव कोसळला, सरकारनं सारा मात्र वाढवला होता. सुप्यातल्या माणसाला मिसिसिपीकाठचा कापूस दिसत नव्हता आणि मुंबईतल्या कचेरीतला साऱ्याचा तक्ता दिसत नव्हता. त्याला पेढीवर बसलेला माणूस दिसत होता.

तरीही त्या लोकांनी एक गोष्ट केली जिच्यापुढे मी आजही नतमस्तक होते. त्यांचा राग माणसांच्या जिवावर उठला नाही. तो प्रामुख्यानं कागदावर तुटून पडला. आपल्याला जखडलंय ते नेमकं कशानं, हे त्यांच्या हातांना डोक्याच्या आधी कळलं होतं. सरकारला आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा करावा लागला. रागाला समोरचा चेहरा चटकन दिसतो आणि चेहऱ्यामागचा बाजार दिसत नाही. तो दिसायला मागे वळून पाहावं लागतं, शंभर वर्षं, दीडशे वर्षं, आणि तिथून पुन्हा आपल्याकडे. आजही कुणी कुणाला ‘बाहेरचा’ म्हणून बोट दाखवलं की माझ्या मनात प्रश्न येतो: हा जळतोय खरा, पण याचा कापूस कुठे पडलाय?

नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला भीमेला मिळते. त्याच तालुक्याच्या गावी, इंदापुरात, मालोजीराजांची गढी आहे. शिवरायांचे आजोबा, शहाजीराजांचे वडील; इंदापूरच्या लढाईत ते पडले. आणि तिथंच चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे. गढीची पांढरी माती आणि दर्ग्यातला उदाचा धूर एकाच वाऱ्यात मिसळतात. अशा जागांभोवती आज वादांचं पाणी चटकन तापतं, कारण दोन्हीकडच्या माणसांना एकेरी इतिहास हवा असतो. एकाच रंगाचा, एकाच हाताचा. पण मालोजीराजे स्वतः तसे एकेरी नव्हते. त्यांना मूल होईना, तेव्हा नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला, आणि झालेल्या दोन मुलांची नावं त्या पीरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, मराठीतून परमार्थ सांगणारे सत्पुरुष, त्यांच्या मठाला मालोजीराजांचा आधार होता असं परंपरा मानते. एका बाजूला भोसले कुळाची देवीवरची, शंभूमहादेवावरची निष्ठा. दुसऱ्या बाजूला पीराच्या नावाचा मुलगा, मांडीवर खेळणारा, ‘शरीफ’ म्हटलं की मागे वळून पाहणारा.

त्या हाकेचा मी फार विचार करते. त्यांच्या आईनं, उमाबाईंनी, तिन्हीसांजेला दारात उभं राहून पोरांना हाक मारली असेल, ‘शहाजी, शरीफजी, चला घरात.’ त्या हाकेत मांडणी नव्हती, भूमिका नव्हती. नवसाला पावलेल्या कुणाबद्दलची कृतज्ञता होती आणि पोरांना भूक लागली असेल ही काळजी होती. आपण इतिहासातून घोषणा उचलतो. तिथं हाकाही आहेत.

हाकांवरून मला आमचं घर आठवतं.

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. शेणानं सारवलेला, कडेला कंदिलाच्या काजळीचा ओघळ. त्यात एक कपबशी पालथी घातलेली असायची. कपाचा कान तुटलेला, बशीच्या काठावर निळी फुलं, त्यातलं एक फूल अर्धं उडालेलं. गावकीचे निरोप घेऊन वेशीपलीकडून एक म्हातारे गृहस्थ येत. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ते ओसरीच्या खाली, दगडावर बसत. स्वतःच कोनाड्यातून कपबशी काढत, स्वतः धुवत, पुढे धरत. आजी वरून चहा ओतायची. पिऊन झालं की पुन्हा धुऊन, पुन्हा पालथी. वयानं ते आमच्या आजोबांपेक्षा मोठे, पण घरातली पोरंटोरंही त्यांना नावानं, एकेरीत हाक मारायची. ‘आजोबा’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही.

आणि ही माझी आजी कोण? पालखीच्या मुक्कामाला ओसरीवर उतरलेल्या वारकऱ्यांचे पाय गरम पाण्यानं धुणारी. त्यांच्या जाती तिनं कधी विचारल्या नाहीत. आषाढीच्या वाटेवर सगळे माउली. वाळीत टाकलेल्या लेकराच्या पादुकांवर डोकं ठेवून ती ढसाढसा रडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोनाड्यातल्या कपात वरून चहा ओतायची. तिला यात कसलाच विरोध दिसत नव्हता. ती दुष्ट नव्हती. ती परंपरा राखत होती. पैठणच्या सभेतल्या माणसांचा मला राग का येत नाही, याचं उत्तर हेच आहे: त्यांचे हात मी पाहिले आहेत. ते माझ्या केसांना तेल लावायचे.

एका दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघाली. माजघरातली सगळी भांडी अंगणात आली. आई राखेनं भांडी घासत बसली होती. मधेच उठून ती गोठ्यात गेली, कोनाड्यातली ती कपबशी घेऊन आली, बाकीच्यांबरोबर घासली, धुतली आणि बाकीच्यांबरोबरच माजघरातल्या फळीवर उपडी घातली. तुटक्या कानाची, अर्ध्या फुलाची, आमच्या कपांच्या रांगेत. आजीनं पाहिलं. सासू-सुनेत एक शब्दही झाला नाही. आजीनं काही दिवस घरात चहा घेतला नाही. मग एका थंडीच्या सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली, आईनं कप पुढे केला, कुठला होता ते मला दिसलं नाही, आणि आजी प्याली. गावाच्या वेशीइतकी जुनी एक रीत राखेच्या चिमटीनं निघून गेली. ना सभा, ना ठराव, ना मोर्चा.

अर्थात आईच्या हातामागे मोठे हात होते, हे मला फार उशिरा कळलं. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं असताना, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्याआधी ते महिनोन् महिने महाराष्ट्र पालथा घालत, गावोगाव माणसांची मनं आणि देवळांची दारं ठोठावत फिरले होते. १ मेला सुरू झालेलं उपोषण १० मेला सुटलं आणि विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्या भक्तांना उघडलं. ज्या चोखोबांची समाधी शतकानुशतकं महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर होती, त्यांची लेकरं आत गेली. ज्यांना हे रुचलं नाही त्यांनी देवाचं तेज मंत्रानं एका घागरीत काढून घेतलं, असं सांगतात. आत जाणाऱ्यांच्या वाट्याला नुसता दगड राहावा म्हणून. ती घागर मला फार करुण वाटते. चंद्रभागेच्या काठी युगानुयुगं उभं असलेलं एवढं मोठं प्रेम, आणि ते मावेल असं कुणाला तरी वाटलेलं एक भांडं.

दर्शनाची रांग आज ज्या दारातून जाते ते दार वादानं उघडलेलं आहे. आपण ज्याला आपली संस्कृती म्हणून अभिमानानं मिरवतो, त्यातल्या कितीतरी सुंदर गोष्टी आधी भांडणं होत्या. ज्ञानेश्वरी मराठीत का, हे भांडण होतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत गेली, ते भांडण होतं. चोखोबांनी अभंग रचावा का, सावित्रीबाईंनी पोरींना शिकवावं का, विठोबाच्या पायावर कुणाचं डोकं टेकावं, हीही भांडणंच होती. म्हणून मला आजच्या वादांचं भय वाटत नाही. वाद असणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे. माझं मन दुखतं ते वादात इतिहास ढालीसारखा वापरला जातो तेव्हा. मेलेल्या माणसांना पुढे करून जिवंत माणसांना मागे ढकललं जातं तेव्हा.

दसरा होतो. पाऊस मागे सरतो. सोमेश्वरच्या कारखान्याची चिमणी धुरकटते, मळीचा गोडसर आंबूस वास पहाटेच्या धुक्यात मिसळतो आणि बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, कोंबड्या, पाण्याचे हंडे, आणि सामानावर पेंगुळलेली पोरं. गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडात उभा राहणारा. रात्री दोनला उठून बाई चूल पेटवते, आणि उजाडायच्या आत मोळ्या बांधून झालेल्या असतात. आमच्या वाटेवरून जाताना तिचं शाळकरी वयाचं पोरगं वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन चालत असतं, आणि शाळेची घंटा वाजते तेव्हा मान वळवून बघतं. अंगणात पडलेला आमच्या पोरांचा चेंडू उचलून देतं. आत येत नाही. कुणी ‘ये’ म्हणत नाही.

आमच्या संस्कृतीवरच्या वादांत हे पोरगं कुठेच नसतं. वारी कुणाची यावर रात्र रात्र बोलणाऱ्या आम्हाला ते दिसत नाही, आणि तेही उद्या वाळीतल्या सोपानासारखं पायी चालत दुसऱ्या गावच्या फडाकडे जाणार असतं. इतिहासानं मला जर एखादी दृष्टी दिली असेल तर ती एवढीच: सभेत कोण काय बोललं याच्याआधी दाराकडे बघायचं. पैठणच्या दारात चार लेकरं होती. सुप्याच्या बाजारात अंगठे उमटवून नागवलेला कुणबी होता. महाद्वारात चोखोबा होते. आमच्या ओसरीखाली घोंगडी घेतलेले एक आजोबा होते, ज्यांना आम्ही आजोबा म्हटलं नाही. प्रत्येक वेळी आत बसलेल्यांकडे चोख युक्तिवाद होता, आणि प्रत्येक वेळी पुढच्या काळानं दाराबाहेरच्याला आपलं म्हटलं, पण फार उशिरा, त्याचं आयुष्य सरून गेल्यावर, पादुकांच्या रूपानं. तो उशीर आपल्याला टाळता येतो. माझ्या आईनं राखेच्या चिमटीनं टाळला होता.

मला सगळ्या वादांत भाग घ्यायचा आहे. वारीच्या, नावांच्या, राजांच्या, देवांच्या. मी पारावर येईन, ग्रामसभेत येईन, घरच्या चुलीपाशीही बोलेन. फक्त बोलणं सुरू होण्याआधी माझ्या गावाला मी एक विचारणार आहे. आत्ता या घडीला आपल्या दाराबाहेर कोण उभं आहे? आधी त्याला आत बोलवा, बसायला द्या, त्याचं काय म्हणणं आहे ते ऐका. मग परंपरेचं बोलू.